जहाजावर माणसं किती, ते आधी सांगा

प्रति,
नागपुरात क्रूझच्या सहली विकणाऱ्या सर्व पर्यटन कंपन्या,
आणि त्या ज्यांच्या जहाजांची तिकिटं विकतात त्या जहाज कंपन्यांचे भारतातील प्रतिनिधी

विषय : क्रूझवरील गर्दी, त्यात ज्येष्ठांचे झालेले हाल आणि बुकिंगच्या वेळी न सांगितली जाणारी माहिती

सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या प्रतापनगरातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळातली काही कुटुंबं आपल्यापैकी एका कंपनीमार्फत सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर गेली. परत आल्यावर आम्ही सविस्तर लेखी तक्रार दिली. बरेच महिने उत्तर नव्हतं. पाठपुरावा केल्यावर जे आलं, त्यात मुद्द्याचं वाक्य एकच होतं : 'जहाजावरील प्रवासी संख्या मंजूर क्षमतेच्या आतच होती.' त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच सहलीची, 'चौघांचं कुटुंब, एकच केबिन' या योजनेसह पानभर जाहिरात पुन्हा आली. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत त्यांनीही ते वाचावं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारीच्या निमित्ताने मी सीताबर्डी, धरमपेठ, सदर इथल्या इतर कार्यालयांतूनही माहितीपत्रकं आणली. जहाजाला किती मजले, पोहण्याचे तलाव किती, रेस्टॉरंट किती, हे सगळ्यांत ठळक छापलेलं आहे. त्या फेरीला प्रत्यक्ष किती माणसं चढणार, हे मी पाहिलेल्या एकाही पत्रकात नाही. तेव्हा हे पत्र आपल्या सगळ्यांनाच आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या मंडळातल्या बहुतेकांची ही पहिलीच परदेशवारी होती. ग्रॅच्युइटीच्या, मोडलेल्या मुदतठेवीच्या पैशांतून केलेली. माझ्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. आपल्या प्रतिनिधीने मंडळाच्या सभागृहात येऊन सांगितलं होतं की ज्येष्ठांसाठी क्रूझसारखी सहल नाही : बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलायचं नाही, बसमध्ये चढ-उतार नाही, जेवण जागेवर. ते ऐकूनच सासूबाई तयार झाल्या. त्या शब्दांवर आम्ही पैसे भरले, आणि मी जाब विचारते आहे तो त्याच शब्दांचा.

आधी त्या 'मंजूर क्षमते'बद्दल बोलू. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाजाला सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि जास्तीत जास्त किती माणसं नेता येतील हा आकडा त्यावर असतो. त्या आकड्याचा संबंध जीवनरक्षक होड्या, तराफे, लाइफ जॅकेट यांच्याशी आहे. जेवणघरात खुर्च्या किती, लिफ्ट किती, डेकवर सावलीत टेकायला जागा किती, यांच्याशी नाही. म्हणजे आम्ही विचारलं की आम्हाला बसायला जागा का मिळाली नाही, आणि आपण उत्तर दिलं की संकट आलं असतं तर होडीत जागा होती. हे आमच्या तक्रारीचं उत्तर नव्हे.

दुसरं, क्षमतेचा जो आकडा जाहिरातीत येतो तो या धंद्यात प्रत्येक केबिनमध्ये दोनच माणसं धरून काढलेला असतो. डबल ऑक्युपन्सी म्हणतात त्याला. भिंतीतून खाली ओढायच्या तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुलं झोपली की जहाज शंभर टक्क्यांच्या वर भरतं आणि कागदोपत्री ते नियमातच राहतं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही मोठ्या समूहांनी 2024 सालचे जे आकडे स्वतः जाहीर केले, त्यांत वर्षभराची सरासरी शंभर टक्क्यांच्या वरच आहे. सरासरी शंभरच्या वर असेल, तर सुट्ट्यांच्या हंगामात काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

फरक किती पडतो, हे 'आयकॉन ऑफ द सीज'च्या जाहीर आकड्यांवरून कळतं. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेलं हे जहाज. केबिनमागे दोघे धरले तर प्रवासी 5,610, सगळे बर्थ भरले तर सुमारे 7,600. त्याशिवाय कर्मचारी सुमारे 2,350. जहाजाचं ग्रॉस टनेज 2,48,663 आहे. हे वजन नसून आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवासी संख्येने भागलं की माणशी जागा निघते. 5,610 ने भागल्यास 44 येतात, 7,600 ने भागल्यास 33. जहाज तेच, आणि माणशी जागा पाव हिश्शाने कमी. हा भागाकार सातवीतला विद्यार्थी करू शकतो, फक्त त्याला दोन्ही आकडे मिळाले पाहिजेत. आम्ही ज्या जहाजावर होतो तिथे त्या फेरीला किती प्रवासी होते, हे तक्रारीत स्पष्ट विचारूनही आम्हाला आजवर कळलेलं नाही.

आपल्याकडे मंगल कार्यालय ठरवायला गेलं की पहिला प्रश्न असतो, एका पंगतीला किती पानं बसतात? मालक लगेच सांगतो. माणशी लाखाच्या घरात पैसे घेणाऱ्याने तेवढंही सांगू नये?

आता जहाजावर काय झालं ते सांगते.

सकाळच्या नाश्त्याला बुफेची रांग दाराबाहेर, लिफ्टपर्यंत आलेली असायची. ताट भरून घेतलं की टेबल शोधायचं. लोक हातात ताट घेऊन, जेवत असलेल्यांच्या खुर्चीमागे उभे राहायचे. सासूबाईंना कुठेतरी टेकवून मी ताट आणायला गेले की परत येईपर्यंत त्यांच्या शेजारची माझी खुर्ची कोणीतरी उचललेली असायची. शाकाहारी जेवणाचं भारतीय काउंटर एकच होतं आणि आमच्यातली तीन जैन कुटुंबं त्याच रांगेत. कांदा-लसूण नसलेली भाजी संपली की पुन्हा येईपर्यंत उभं राहायचं. शेवटी आम्ही ताटं केबिनमध्ये नेऊन पलंगावर बसून जेवू लागलो. आपल्या माहितीपत्रकात काचेच्या मोठ्या खिडकीशी बसून, समुद्र बघत जेवणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो आहे. त्या खिडकीशी आमच्यातलं कोणीही एकदाही बसू शकलं नाही.

लिफ्टचा त्रास सर्वांत जास्त झाला, आणि त्याबद्दल आपल्या उत्तरात एक अक्षरही नाही. नाट्यगृहातला कार्यक्रम सुटला की हजार-दीड हजार माणसं एकदम बाहेर पडतात. त्याच वेळी रात्रीच्या जेवणाच्या दुसऱ्या पाळीची वेळ होते. लिफ्ट यायची ती भरलेली, दार उघडायचं आणि मिटायचं. पाच मजले जिने चढणं सासूबाईंना शक्य नव्हतं. वॉकरवर हात ठेवून त्या उभ्या राहायच्या, पाय सुजायचे. एकदा एका तरुण मलेशियन जोडप्याने स्वतः उतरून त्यांना जागा करून दिली. ही माणुसकी त्या जोडप्याची. वॉकर किंवा व्हीलचेअर असलेल्यांसाठी एखादी लिफ्ट राखून ठेवावी, गर्दीच्या वेळी तिथे माणूस उभा करावा, एवढी साधी सोय नव्हती. दुसऱ्या रात्रीनंतर सासूबाईंनी केबिनबाहेर पडणंच सोडलं. आमची केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. ज्या बाईला समुद्र दाखवायला नेलं, तिने उरलेला प्रवास चार भिंतींत काढला.

आता थायलंडमधल्या फुकेटचं. तिथल्या पातोंगच्या किनाऱ्याशी मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ती खाडीत नांगर टाकतात आणि लहान बोटींतून लोकांना किनाऱ्यावर सोडतात. हे वर्षानुवर्षं असंच चालतं, आपल्याला ते माहीत आहे. आम्हाला मात्र 'फुकेट दर्शन, पूर्ण दिवस' असं सांगितलं होतं. बोटीत चढण्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि ज्यांनी किनाऱ्यावरची, जहाज कंपनीचीच महागडी सहल विकत घेतली होती त्यांना आधी सोडलं. आपल्यामार्फत सहल घेतलेले आम्ही मागे राहिलो. आमचा क्रमांक लागेपर्यंत दुपार टळली होती, आणि परत जहाजावर हजर राहण्याची वेळ संध्याकाळचीच होती. हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं ज्यांना जमणार नव्हतं ते उतरलेच नाहीत. किनाऱ्यावरच्या बसचे, मार्गदर्शकाचे, जेवणाचे त्यांचे पैसे गेले. परतावा मागितला तर 'प्रवाशाने स्वेच्छेने सहल टाळली' असं लेखी उत्तर मिळालं. वॉकरवर चालणाऱ्या बाईला हलत्या बोटीत उतरता आलं नाही, याला स्वेच्छा म्हणणं अन्यायाचं आहे. तो शब्द आपण मागे घ्यावा.

कार्यक्रमांचं आरक्षण मोबाइलच्या ॲपवर होतं आणि पहिल्याच संध्याकाळी सगळं भरलेलं दिसलं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी काय करायचं, हे सांगायला आपला सहल व्यवस्थापक सापडेपर्यंत उशीर झाला होता. व्यवस्थापक एक आणि माणसं पन्नासच्या वर. त्या मुलालाही मी दोष देत नाही.

जहाजावरच्या कर्मचाऱ्यांबद्दल तर आमची काडीचीही तक्रार नाही. जेवणघरात गोंदियाकडचा एक मुलगा होता. मराठी कानावर पडताच तो आमच्याकडे आला, आणि रोज सासूबाईंसाठी वरण-भात वेगळा काढून ठेवायचा. घर सोडून सहा महिने झाले होते त्याला. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. ती त्याला मिळत होती की नाही हे मी विचारलं नाही, पण सकाळी सातला आणि रात्री अकराला तोच चेहरा समोर दिसायचा. जास्तीच्या हजारभर माणसांचा भार आधी याच मुलांच्या पाठीवर येतो. त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

सुरक्षेचा मुद्दा तक्रारीत सविस्तर होता, इथे थोडक्यात. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज कलंडलं आणि 32 जण गेले. त्या जहाजावरच्या कित्येक प्रवाशांची संकटाच्या वेळची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी कवायत घेणं बंधनकारक झालं. आमच्या जहाजावर फोनवर व्हिडिओ बघायचा आणि नेमलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच होतं. सूचना इंग्रजीत आणि चिनी भाषेत. आमच्यातल्या निम्म्यांना आपली जमण्याची जागा कोणती हे नीट उमगलं नव्हतं. एवढ्या गर्दीत घबराट झाली असती तर? नागपुरात निघण्याआधी मंडळाच्या सभेत मराठीतून पंधरा मिनिटं सांगायला आपल्याला कितीसा खर्च आला असता?

पैशांचं. फलकावर 'सर्व समाविष्ट' होतं. नंतर बंदर शुल्क वाढलं म्हणून रक्कम आली. मग जहाजावर माणशी, रात्रीमागे सेवाशुल्क खात्यातून परस्पर वळतं झालं, चौथ्या बर्थवरच्या नातवाचंसुद्धा. इंटरनेट वेगळं, थंड पेय वेगळं, काही रेस्टॉरंटं वेगळी. सेवाशुल्क घेऊ नका असं मी म्हणत नाही. ते पहिल्याच कागदावर लिहा असं म्हणते. किंमत आधी कमी दाखवून पुढच्या पायऱ्यांवर वाढवत नेण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ड्रिप प्रायसिंग म्हटलं आहे, आणि ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या, बंदी घातलेल्या 13 प्रकारांत त्याचा समावेश आहे.

आणि हंगाम. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, नागपूरकर बाहेर पडतो, कारण पंचेचाळीस अंशांत घरात बसवत नाही आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. नेमक्या मे अखेरीपासून सिंगापूरच्या शाळांनाही चार आठवड्यांची सुट्टी असते. दोन्हीकडची कुटुंबं एकाच जहाजावर येतात, आणि तिसरा-चौथा बर्थ तेव्हाच भरतो. ही तारीख आपल्याला कॅलेंडरवर दिसते. आम्हाला मात्र 'हा पीक सीझन आहे, म्हणून दर जास्त' एवढंच सांगितलं गेलं. जास्त दराने जास्त गर्दीही पदरात पडणार, हे सांगितलं असतं तर आमच्यातल्या अनेकांनी फेब्रुवारी निवडला असता. निवृत्त माणसांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही.

'गर्दी ही सगळीकडेच असते, आम्ही काय करणार,' असं आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आलं. जगात यावर काही करता येतं आणि केलं गेलं आहे. व्हेनिसने ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना शहरालगतच्या कालव्यातून यायला बंदी केली. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकने एका वेळी दोनच क्रूझ जहाजं अशी मर्यादा घातली. अलास्कातल्या जुनोने 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाने 2025 पासून दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आणली. बंदरावरच्या माणसांनी आपल्या गल्ल्यांत किती पाहुणे मावतात ते मोजलं. जहाजावरच्या पाहुण्यासाठी मात्र कोणी मोजत नाही, कारण तो पैसे भरून मोकळा झालेला असतो.

हा प्रश्न सिंगापूरपुरता उरणार नाही. केंद्राने 30 सप्टेंबर 2024 रोजी क्रूझ भारत मिशन सुरू केलं असून 2029 पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचं उद्दिष्ट आहे. मुंबईत बॅलार्ड पियरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर 2025 मध्ये उघडलं. समृद्धी महामार्गाने नागपूरकर आता एका दिवसात तिथे पोहोचतो. पुढच्या काही वर्षांत आमच्या मोहल्ल्यामोहल्ल्यातून लोक जहाजावर चढतील, आणि चढावंतही. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांना समुद्राची ओढ जास्तच असते. म्हणून या पत्राची प्रत बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयालाही पाठवते आहे. प्रवासी दुप्पट करण्याच्या आधी, प्रत्येक फेरीची प्रवासी संख्या जाहीर करण्याचा नियम त्यांनी करावा.

आपल्याकडून आमच्या मागण्या अशा :

1. प्रत्येक क्रूझच्या दरपत्रकात तीन आकडे लिहा : दोन-माणशी क्षमता, कमाल प्रवासी क्षमता, आणि मागच्या वर्षी त्याच आठवड्याच्या फेरीत प्रत्यक्ष किती प्रवासी होते. प्रवासाच्या पंधरा दिवस आधी त्या फेरीचं चालू बुकिंग कळवा, आणि ते दोन-माणशी क्षमतेच्या वर गेलं असेल तर दंड न घेता तारीख बदलून द्या.

2. ज्या बंदरात लहान बोटीने उतरावं लागतं ते दरपत्रकात ठळक लिहा. ज्यांना उतरता येत नाही त्यांचे किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे परत करा. आमच्यापासून सुरुवात करा.

3. सेवाशुल्क, बंदर शुल्क, कर धरून एकच अंतिम रक्कम छापा.

4. साठ वर्षांवरील प्रवासी असलेल्या गटासोबत वीस जणांमागे एक व्यवस्थापक द्या. वॉकर-व्हीलचेअरवाल्यांसाठी राखीव लिफ्ट आणि जेवणाची आधी ठरवलेली बैठक जहाज कंपनीकडून लेखी घ्या. मिळत नसेल तर ती सहल ज्येष्ठांना विकू नका.

5. निघण्याआधी सुरक्षेची माहिती मराठीतून द्या.

'आम्ही फक्त मध्यस्थ, दावा करायचा तर सिंगापुरात करा,' असंही आम्हाला सुचवण्यात आलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि एकसारखी तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. आमच्या मंडळात दोन निवृत्त वकील आहेत, कागद तयार आहेत. ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण आम्हाला खटला नको, ज्येष्ठांना सुखाने प्रवास करता यावा एवढंच हवं आहे.

दिवाळीच्या सहलींचं बुकिंग उघडण्याआधी लेखी उत्तर द्यावं. ते आम्ही मंडळाच्या फलकावर जसंच्या तसं लावू, आणि नागपुरातल्या इतर ज्येष्ठ नागरिक मंडळांना पाठवू. उत्तर आलं नाही, तर वरचे पाच मुद्दे प्रश्नावली म्हणून त्यांच्याकडे जातील. पुढच्या वेळी आपला प्रतिनिधी ज्या सभागृहात जाईल तिथे त्याला ते विचारले जातील.

कळावे,
आपली,
प्रतापनगर, नागपूर येथील एक निवृत्त शिक्षिका
(ज्येष्ठ नागरिक मंडळातील सहप्रवाशांच्या वतीने)